दगडी भिंतीची ओल: केमिकल इंजेक्शन की चुन्याचा गिलावा?

कसबा_जोतं
कसबा पेठेतलं जुनं घर. तळमजल्याची भिंत काळ्या दगडाची, दोन फूट जाड. आतून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), रंगाचे पापुद्रे. मे महिन्यातही सुकत नाही. कंत्राटदार भोकं पाडून केमिकल सोडू म्हणतोय. करावं का?

चुना_सुरखी
एवढ्यात नको. काळा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही. पाणी चढतं ते दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आणि भिंतीच्या पोटातल्या माती-चुरीच्या भरावातून. इंजेक्शनचा उपयोग व्हायला केमिकलचा पट्टा सलग बसावा लागतो. विटेत तो बसतो. दगडी भिंतीत द्रव पोकळ्यांत वाहून जातो आणि पाण्याला वाट राहतेच.

मे महिन्यातही ओल आहे म्हणजे आधी मोरी, नळ, ड्रेनेज तपासा. मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी परत बघा. गळती नसेल तर संशय सिमेंट आणि ऑइलपेंटवर. त्यांनी भिंतीचा श्वास कोंडतो, ओल बाहेर पडत नाही आणि आणखी वर चढते.

पेठेतला_गवंडी
बाहेरची बाजूही बघा. पेठांमधले रस्ते थरावर थर चढून उंच झालेत, बरीच जोती निम्मी गाडली गेलीत. जोत्याला टेकलेली माती, काँक्रीट काढा. जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी. उतार भिंतीपासून दूर, मीटरला दोन सेंटिमीटर. पन्हळीचं पाणी जोत्याशी पडू देऊ नका. चर खणायचा तर पायाच्या तळाखाली अजिबात जाऊ नका, भिंत खचेल.

चुना_सुरखी
आतलं काम पावसाळा संपल्यावर. ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत सिमेंट हाताने उतरवा, ब्रेकर नको, दगड हलतात. दर्जा इंचभर खोल उकरा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. मग भिंत उघडी ठेवा. ठोकताळा असा की इंचभर जाडी सुकायला महिना लागतो, त्यामुळे दोन फूट भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण सुकणार नाही. निदान एक उन्हाळा तरी द्याच, इथेच सगळे घाई करतात.

नंतर मुरवलेला चुना 1, सुरखी (भाजक्या विटांची पूड) 1, चाळलेली नदीची वाळू 2. आधी दर्जा भरा, मग गिलाव्याचे दोन हात, प्रत्येकी दहा-बारा मिलिमीटर. आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा, नाहीतर चिरा पडतात. वर फक्त चुन्याची सफेदी, तीन हात.

कसबा_जोतं
लवकर धरावं म्हणून गवंडी चुन्यात थोडं सिमेंट घालू म्हणतोय. चालेल?

चुना_सुरखी
नको. सिमेंट स्वतःचे क्षार आणतं आणि गिलावा घट्ट होऊन ओल पुन्हा अडते. लवकर धरायला हवं तर सुरखी जास्त बारीक दळून घ्या. पहिल्या वर्षी थोडा लोणा गिलाव्यावर येईल. झाडत राहा, रंगाने झाकू नका.