सीलंट आधी, वॅक्स नंतर

गाडीच्या रंगाला पॉलिश केल्यावर सीलंटच्या आधी वॅक्स लावलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. सीलंटला, म्हणजे रंगाचं रक्षण करणाऱ्या कृत्रिम थराला, थेट क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) पकड हवी असते. खाली वॅक्सचा थर असला तर ते वॅक्सवरच बसतं आणि वॅक्ससोबतच निघून जातं.

खरी गडबड मात्र त्याआधीच होते. पॉलिशमधलं तेल पत्र्यावर तसंच राहतं. पाण्यात साधारण 15 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मायक्रोफायबरने एकेक पॅनल पुसून घ्या. पुसल्यावर बारीक गोल ओरखडे पुन्हा दिसले, तर ते गेलेच नव्हते, तेलाने नुसते बुजले होते. परत पॉलिश करा, वॅक्सने झाकू नका.

सीलंट सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना हात दुखतात आणि डाग राहतात. बोट ओढून पाहा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला तयार, फरफटली तर थांबा. मग डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा 12 ते 24 तास, गाडी कोरडी ठेवा.

त्यावर कार्नोबा, म्हणजे ताडासारख्या झाडापासून मिळणारं नैसर्गिक वॅक्स. क्लीनर वॅक्स (साफ करणारं वॅक्स) मात्र नको. त्यातलं सॉल्व्हंट आणि घासणारे कण सीलंट खरवडून काढतात.