क्रोशेचा दुहेरी खांब: दर ओळीला टाके कमी होतात, कडेला भोक पडते

नवी_सुई
मुका खांब (सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता विणलेला), अर्धा खांब आणि साधा खांब (दोन्ही एका वेढ्याचे) या क्रोशेच्या टाक्यांवर हात बसला आहे, पण दोन वेढ्यांच्या दुहेरी खांबाशी गाडी अडली आहे. ५ मिमीची सुई, मध्यम जाडीची लोकर आणि २० टाक्यांची सरळ पट्टी घेतली आहे. पहिल्या ओळीत २० खांब भरतात, पाचव्या ओळीत १६च उरतात. काही खांब उंच येतात, काही बुटके. दोन्ही कडांना साखळीच्या शेजारी लांबट भोक दिसते. शिवाय पायाच्या साखळ्या २३ घालायच्या की २४, हेही नक्की कळत नाही. कृपया क्रमाने सांगाल का?

उभा_धागा
२३ घाला. सुईवरचा लूप न मोजता, सुईपासून पाचव्या साखळीत पहिला खांब घालायचा. सोडलेल्या ४ साखळ्यांचा एक खांब, उरलेल्या १९ साखळ्यांत १९, असे २० होतात. २४ घालून पाचवीतच सुरुवात केली तर २१ होतील.

खांब विणताना आधी सुईवर दोऱ्याचे २ वेढे घ्या. सुई साखळीत घाला, दोरा पकडून बाहेर ओढा. इथे थांबून मोजा: सुईवर ४ लूप हवेत. मग दोरा घेऊन २ लूपमधून काढा, ३ उरतील. पुन्हा दोरा, पुन्हा २ मधून, २ उरतील. तिसऱ्यांदा तसेच केले की १ उरतो आणि खांब पूर्ण होतो. चारच्या जागी तीन लूप दिसले तर एक वेढा निसटला आहे. तसेच पुढे विणले तर तो साधा खांब होतो. तुमच्या बुटक्या खांबांपैकी काही असेच झाले असावेत. तपासायचे असेल तर खांबावरचे तिरपे आडवे धागे मोजा: दुहेरीवर २ असतात, साध्यावर १.

आता टाके का घटतात ते. २० वरून पाचव्या ओळीत १६ म्हणजे दर ओळीला बरोबर एक टाका जातो आहे, आणि तो शेवटचाच. वळताना घातलेल्या ४ साखळ्या हा त्या ओळीचा पहिला खांब असतो. म्हणून त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडून दुसऱ्या टाक्यात विणायला लागायचे, आणि ओळ संपताना मागच्या ओळीतल्या त्या ४ साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत एक खांब घालायचाच. ती साखळी कडेला वळून लपते, त्यामुळे ओळ संपल्यासारखी वाटते. चौथी साखळी घातल्याघातल्या तिच्यात खुणेची पिन किंवा वेगळ्या रंगाचा धागा अडकवा. उलट, बुडाशी असलेला टाका न सोडता त्यातच विणलेत तर दर ओळीला एक टाका वाढेल.

टाके मोजताना वरची टोके नका मोजू, उभे खांब मोजा. टोक खांबाच्या अगदी डोक्यावर नसते, जरा बाजूला सरकलेले असते, त्यामुळे नजर फसते.

लोकरपेटी
उंचीबद्दल थोडे. वेढा निसटला नसला तरी खांब लहानमोठे होतात. याचे कारण बहुतेक वेळा वेढे सुईवर कुठे बसतात यात असते. सुईच्या टोकाजवळ मान बारीक असते. तिथे घेतलेले वेढे आवळतात, दोरा त्यांतून निघत नाही आणि ओढाताणीत खांब आखडतो. वेढे दांड्याच्या सरळ, पूर्ण जाडीच्या भागावर घ्या आणि सुईच्या हाताच्या तर्जनीने हलके धरून ठेवा. फार सैल सोडलेत तर तो जास्तीचा धागा खांबाच्या मधोमध फुगून लोंबतो.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे पहिला लूप, म्हणजे टाक्यातून सुई बाहेर आणताना ओढलेला. खांबाचा पाया त्यावर ठरतो. तो दर वेळी सारखाच वर उचला. पुढच्या तीन पायऱ्यांत मात्र वर ओढू नका, नुसता दोरा काढत राहा. शिकताना फिकट रंगाची, गुळगुळीत पिळाची लोकर घ्या. केसाळ लोकरीत वेढे दिसत नाहीत आणि उसवतानाही त्रास होतो.

कडकाठ
कडेच्या भोकाचे कारण असे की ४ साखळ्यांची रांग खऱ्या खांबापेक्षा बारीक असते आणि बाहेरच्या बाजूला झुकते. सोपा उपाय: ४ ऐवजी ३ साखळ्या, किंचित घट्ट. बऱ्याच हातांना एवढे पुरते. अशा वेळी शेवटचा खांब तिसऱ्या साखळीत जाईल.

मला त्याहून चांगला वाटणारा उपाय साखळीशिवायचा आहे. काम वळवा, साखळी घालू नका, पहिल्याच टाक्यात एक मुका खांब घाला. मग त्या मुक्या खांबाच्या डाव्या पायाच्या धाग्यात (टाक्याच्या दोन उभ्या धाग्यांपैकी डावीकडच्या) सुई घालून दुसरा मुका खांब, आणि त्याच्या डाव्या पायात तिसरा (डावखुऱ्यांनी उजवा पाय धरावा). एकावर एक तीन मुके खांब म्हणजे जवळपास एका दुहेरी खांबाची उंची, जाडीही खांबाइतकीच. पुढचा दुहेरी खांब दुसऱ्या टाक्यात. परतीच्या ओळीत शेवटचा टाका याच्या डोक्यावर स्पष्ट दिसतो, त्यामुळे संख्याही टिकते.

नवी_सुई
शेवटचा टाकाच सुटत होता, आता दिसला. आणखी दोन प्रश्न. इंग्रजी नमुन्यात नुसते ट्रेबल लिहिले असेल तर हाच खांब का? आणि यात गोल विणायला किती खांबांपासून सुरुवात करावी?

उभा_धागा
नमुना कुठला आहे ते पाहा. अमेरिकन पद्धतीत ट्रेबल म्हणजे हाच, दोन वेढ्यांचा. ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणजे एका वेढ्याचा साधा खांब, आणि याला डबल ट्रेबल म्हणतात. सूचनांत कुठेही सिंगल क्रोशे (म्हणजे मुका खांब) आले तर नमुना अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नाव नाही. आकृती असेल तर प्रश्नच नाही: उभ्या रेघेवर जितक्या तिरप्या रेघा, तितके वेढे.

सपाट गोलासाठी मध्यात १६ ते १८ खांब घ्या आणि प्रत्येक फेरीत तेवढेच वाढवा. १६ ने सुरुवात केली तर दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २, एकूण ३२. तिसरीत एकाआड एक टाक्यात २, एकूण ४८. कडा वर उचलून वाटीसारखा आकार आला तर खांब कमी पडताहेत, झालर पडली तर जास्त झालेत.

लोकरपेटी
एक भर: या खांबाचे कापड जाळीदार आणि लवचिक होते. शाल, ओढणी, पडदा यांना छान. पिशवी वजनाने लोंबेल आणि खेळण्यातला कापूस भोकांतून दिसेल, तिथे मुका खांबच वापरा. दोन मुक्या खांबांमध्ये एकच दुहेरी खांब घातला तर तो दुमडून मागच्या बाजूला उठतो. सुलट बाजूला असे उठावाचे ठिपके हवे असतील तर दुहेरी खांब उलट बाजूच्या ओळीत घाला.