प्राणिसंग्रहालयाच्या सहलीतून मुलांना वन्यजीवांचे मोल कळते का?

हवेलीची शिक्षिका
नमस्कार. ऑक्टोबरमधील वन्यजीव सप्ताहानिमित्त आमच्या सातवीच्या वर्गाला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात न्यायचे ठरत आहे. अशा सहलीत मुले वाघ, अस्वल, हरणे असे सारे दोन तासांत पाहून, डबे खाऊन परततात. पुढे निबंधात ‘प्राणी आपले मित्र आहेत’ हे वाक्य हमखास येते, पण त्याच मुलांच्या वस्तीत साप निघाला की आधी काठी शोधली जाते. ही तफावत कमी व्हावी यासाठी सहलीची आखणी कशी करावी?

सर्पमित्र, सातारा
ताई, सारे संग्रहालय दाखवण्याचा आग्रह सोडून अर्धा वेळ सर्पोद्यानाला द्यावा, असे मी सुचवेन. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभे राहिलेले हे सर्पोद्यान आता संग्रहालयाचाच भाग आहे. तिथे धामणीसमोर मुलांना निवांत उभे करा आणि तिचे वाटोळे मोठे डोळे, ओठांच्या खवल्यांवरच्या काळ्या उभ्या रेषा वहीत काढायला लावा. धामण लांब आणि चपळ असल्याने नाग समजून मारली जाते. वास्तविक ती बिनविषारी असून शेतातले उंदीर खाते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत काही मुले घरून घेऊन येतीलच. सापाला ओठांनी चोखताच येत नाही, हे तिथेच सांगता येईल. मात्र सगळे साप निरुपद्रवी असल्याचा समज होऊ देऊ नका. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे लोक आजही भेटतात. तिच्या पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा आणि त्रिकोणी डोके मुलांनी नीट पाहिले, तर हा घोटाळा पुष्कळसा टळेल. अर्थात घरात कोणताही साप निघाला तरी लांब राहून मोठ्यांना बोलवायचे, हा नियम ओळख पटल्यानंतरही कायम ठेवावा.

जुन्नरचा शेतकरी
सर्पमित्रांचे म्हणणे पटते, पण काचेपलीकडच्या प्राण्याविषयी प्रेम वाटणे सोपे असते. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्ले घालतो आणि संध्याकाळी मूल अंगणात उशिरापर्यंत खेळत असले की आईच्या जिवाला घोर लागतो. ज्या गावांनी माणसे गमावली आहेत, तिथल्या मुलांना ‘बिबट्या वाचवा’ अशी घोषणा द्यायला लावणे मला निर्दयपणाचे वाटते. त्यापेक्षा शाळेने ऊसतोडीच्या हंगामाआधी कामाचे शिकवावे. तोडणी चालू असताना फडात पिल्ले दिसली तर ती उचलून घरी न आणता काम थांबवावे व वनविभागाला कळवावे. वनविभागाचे कर्मचारी पिल्ले बहुधा सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात आणि अनेकदा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी शिवारात फिरत राहिली तर धोका आपल्यालाच असतो, हे पोरांना लगेच समजते. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रात जेरबंद बिबटे का आणावे लागतात, हा प्रश्नही वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

माजी मुख्याध्यापक
दोन व्यवहाराच्या गोष्टी. कात्रजचे संग्रहालय बुधवारी बंद असते, तेव्हा वार पाहून ठरवावे. दुसरे म्हणजे, संग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा आरडाओरडा करून त्रास देणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे बसमध्ये बसण्यापूर्वीच सांगावे. सोबतच्या शिक्षकांनाही सांगावे, कारण काचेवर टकटक करण्यात तेही मागे नसतात! पिंजऱ्यात देशी पोपट पाळणेही याच कायद्याने गुन्हा आहे. हा विषय मात्र पालकसभेतच काढा, कारण तो मुलांच्या हातातला नाही.

हवेलीची शिक्षिका
सर्वांचे आभार. सहल गुरुवारी ठरवते आहे आणि मुलांना धामण व घोणस या दोहोंच्या रेखाटनाखेरीज दुसरे काहीही लिहायला सांगणार नाही. जुन्नरच्या दादांना एक विचारायचे आहे: आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर येतात, तर फडातील पिल्लांविषयी त्यांच्या आईवडिलांशी बोलायला वनविभागाचे कर्मचारी शाळेत येतात, की थेट फडावर?

जुन्नरचा शेतकरी
फडावर बोलवा. दिवसभर तोडणी करून कोणी शाळेत यायचे नाही. मुकादमाला आधी विश्वासात घ्या, म्हणजे सगळी टोळी एका जागी भेटेल.