जुन्या रीफ टँकमधले लाइव्ह रॉक हलवायचे आहेत: एकदम की टप्प्याटप्प्याने?

खारपाणी_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (प्रवाळ आणि मासे असलेला) ४ बाय २ फूट, उंची २० इंच, खाली ८० लिटरचा सम्प (पाणी गाळणारी जोडटाकी), वय ४ वर्षं. सुमारे ३५ किलो लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया आणि छोटे जीव वसलेले दगड) मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचलेत. मागे प्रवाह पोहोचत नाही, गाळ साचतो, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली येत नाही आणि तळाच्या दगडांवर केसाळ शेवाळ धरलंय. वाळू पुढे ३ सेंमी, पण दगडांमागे ७-८ सेंमी. मासे: क्लाउनची जोडी, यलो टँग, एक गोबी आणि त्याचा पिस्टल श्रिंप (त्याच्यासोबत बिळात राहणारी कोळंबी). कोरल: हॅमर, टोडस्टूल लेदर, दोन दगडांवर झोअँथिड. भिंत मोडून दोन बेटं करायची आहेत. एका दिवसात उरकावं की थोडं थोडं? टँक पुन्हा सायकल होईल का, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया मरून नव्याने वाढवावे लागतील का?

गोदाकाठ_रीफ
दादा, दगड ओले राहिले आणि तापमान टिकलं तर त्यांतले बॅक्टेरिया कुठे जात नाहीत. खरा धोका मागच्या त्या ७-८ सेंमी वाळूत आहे. इतक्या जाडीत खाली ऑक्सिजन पोहोचत नाही, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू धरतो. काचेतून वाळूत काळे पट्टे दिसतात का बघा. ती ढवळली की सडक्या अंड्याचा वास येतो, सोबत अडकलेला गाळ सुटतो आणि अमोनिया चढतो. रीफचा पीएच ८.२ च्या आसपास, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा इथे तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

म्हणून माझं मत टप्प्याटप्प्याने. एका वेळी एक तृतीयांश दगड, मध्ये दोन आठवडे. दगड उचलला की त्याखालची वाळू ढवळू नका, १६ मिमीच्या नळीने सायफन करून बाहेरच काढा. काळी वाळू परत टाकायची नाही.

आदल्या दिवशी वेव्हमेकर (प्रवाह देणारा पंप) दगडांवर रोखून गाळ उडवा, सम्पमध्ये १०० मायक्रॉनचा सॉक (गाळणीची पिशवी) लावा आणि तो भरला की लगेच बदला.

मीठ_३५
तत्त्वतः बरोबर, पण या रचनेला ते लागू पडत नाही. काचेला टेकलेल्या भिंतीतून एक तृतीयांश काढलं की उरलेली सरकते, आणि तळाचे दगड शेवटीच हाती येतात. म्हणजे तीनदा गढूळ पाणी, तीनदा टँगचा ताण. मी एकाच दिवसात करा म्हणेन. तयारी मात्र पक्की हवी.

पाणी: दोन दिवस आधी १२० लिटर नवं खारं पाणी. मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, घनता १.०२५, हिटर आणि पॉवरहेड लावून २४ तास फिरवा. नाशिकमध्ये घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी बरेच जण वापरतात. त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी नळाचं पाणी मिसळतो. तो पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस शून्य येतोय ना ते मीटरवर बघा.

टब: तीन. एक मासे, एक कोरलवाले दगड, एक साधे दगड. वाळूला हात लागण्याआधी, पाणी स्वच्छ असतानाच टँकमधलं पाणी टबांत भरा. तिन्हींत पॉवरहेड आणि थर्मामीटर. एप्रिल-मे मध्ये दुपारी टब गॅलरीत ठेवाल तर तासाभरात ३० अंशांच्या पुढे जाईल, आतल्या खोलीत ठेवा. थंडीत हिटर हवाच.

आणि ज्याने सर्वांत जास्त घोटाळा होतो ते: एटीओ (पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणारा) दोन्ही बंद करा. दगड बाहेर काढले की पाण्याची पातळी उतरते. एटीओ चालू राहिला तर त्याला वाटतं बाष्पीभवन झालं, आणि तो गोडं पाणी ओततो. मग दगड परत गेले की सम्प ओसंडून वाहतो आणि क्षारता पडलेली असते ती वेगळीच.

स्पंज (दगडावर वाढणारा समुद्री जीव) असलेला दगड हवेत काढायचा नाही, बादली पाण्यात बुडवून आतल्या आतच उचला. स्पंजात हवा शिरली की तो भाग मरतो आणि टँकमध्येच सडतो. साधा दगड जुन्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या, गोडं पाणी अजिबात नको. नाशिकच्या कोरड्या हवेत दगड लवकर सुकतो, रचना बघताना खाऱ्या पाण्याचा फवारा मारत राहा. त्याआधी टँकच्या तळाएवढा पुठ्ठा कापून त्यावर जागा आखून ठेवा.

सातपूर_सम्प
झोअँथिडबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून आधी तेच. त्यांच्यात, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. ते दगड ब्रशने घासायचे नाहीत, आणि उकळतं पाणी तर कधीच नाही, कारण वाफेतून विष श्वासात जातं. हातावर कापल्याची जखम असेल तर तो दिवस पुढे ढकला. पाण्यात हात घालण्याआधी हिटर आणि वेव्हमेकरचे प्लग काढा.

रचना: तळाचा दगड थेट काचेवर बसवा, वाळू नंतर भोवती टाका. तुमच्याकडे पिस्टल श्रिंप आहे, तो वाळूवर ठेवलेल्या दगडाखालून पोखरत जातो आणि एक दिवस सगळं कोसळतं. प्रत्येक दगड किमान तीन ठिकाणी टेकला पाहिजे, तळहाताने ढकलून डगमगतोय का बघा. मागच्या काचेपासून ८ सेंमी सोडा म्हणजे सायफनची नळी आत जाईल.

वरचे दगड जोडायला जेल सुपरग्लू, त्यावर इपॉक्सी पुट्टी, पुट्टीवर परत ग्लू. नुसती पुट्टी ओल्या दगडाला धरत नाही. कमानीला ८ मिमी ॲक्रिलिक रॉड, भोक बॅटरीवरच्या ड्रिलने. लोखंडी सळई नको. पुट्टीमुळे स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) एक-दोन दिवस फेसाने ओसंडेल, कप उघडा ठेवू नका, पाण्याची पातळी खाली घ्या.

दगड कमी पडले तर सिरॅमिक किंवा सिमेंटचे घ्या. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे कुठून तरी उचललेलं ‘कोरल रॉक’ नको.

खारपाणी_इंदिरानगर
काळे पट्टे आहेत, मागे डाव्या कोपऱ्यात. तर एका दिवसात करतो, पण मागची वाळू सगळी बाहेर. हॅमर नव्या बेटावर वर ठेवायचा विचार आहे, चालेल? आणि नंतर काय मोजू?

गोदाकाठ_रीफ
इतकी वाळू बाहेर जाणार असेल तर माझा एका दिवसाला विरोध नाही. पुढची ३ सेंमी तशीच राहू द्या, त्यात भरपूर जीव आहे.

हॅमर वर नको, मध्यावर ठेवा. रात्री त्याचे स्वीपर (डंख करणारे धागे) लांब होतात, लेदर आणि झोअँथिडपासून १५ सेंमी अंतर हवंच. लाइट आठवडाभर ४० टक्क्यांनी कमी, मग हळूहळू वाढवा. टोडस्टूल काही दिवस मिटून राहील, मेणासारखी कात टाकेल, त्याला हात लावू नका.

अमोनिया १२, २४ आणि ४८ तासांनी मोजा. ०.२५ पीपीएम दिसला तर लगेच २५ टक्के पाणी बदला. म्हणूनच १२० लिटर पुरणार नाही, अजून १०० लिटर भिजवून ठेवा. पहिले दोन दिवस खाणं निम्मं, आणि सम्पमध्ये १५० ग्रॅम कार्बन.

मीठ_३५
गोबी आणि श्रिंपला सगळ्यात शेवटी पकडा, पाणी १५ सेंमीवर आल्यावर. त्याच्या बिळावरचा दगड तोवर हलवू नका, तो आत असताना दगड बसला तर चिरडेल. आणि त्या दिवशी आपल्या भागात महावितरणची देखभालीची वीजबंदी नाही ना ते आधी बघून घ्या.