गावाकडची पोरं खरंच 'मनाने टणक' असतात का?

डोंबिवलीकर_बाबा: सोसायटीत परवा विषय निघाला, हल्लीच्या नववी-दहावीच्या पोरांना काउन्सेलर लागतो, आमच्या वेळी छडी पुरायची वगैरे. मला वाटतं शहरातल्या पोरांवर ताण खरंच जास्त आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण महानगरांत १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. क्लास, लोकल, रील्स, वन बीएचकेत रडायला पण कोपरा नाही. गावात निदान मोकळी हवा आणि माणसं आहेत.

बांधावरून: मोकळी हवा 😄 दादा, तो सर्व्हे १२ राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्र नव्हताच. आमच्या बीडकडं दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत, पोरगं आजीजवळ, नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, मग म्हणायचं बाहेरचं झालंय आणि न्यायचं देवऋष्याकडं. हे कुठल्या टक्क्यात धरायचं?

रोखठोक: आम्ही पण नापास झालो, बापाने बडवलं, मेलो का? उठसूट डिप्रेशन म्हणायची फॅशन झालीय.

शाळेतल्या_बाई: @रोखठोक माझ्या वर्गातली एक मुलगी दोन महिने पोटात दुखतं म्हणून घरी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. नंतर कळलं लग्नाची बोलणी चालली होती, दहावीत! तिने डिप्रेशन हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता, कसली फॅशन घेऊन बसलात. सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयासाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, पण केसपेपर काढणाराच ओळखीचा निघाला की संध्याकाळपर्यंत गावभर. शहरात हे एक बरं, कोण कुणाला ओळखतं.

डोंबिवलीकर_बाबा: ओळखत नाही ते खरं, पण एका सेशनचे हजार-दीड हजार कुठून आणायचे बाई

बांधावरून: आणि लातूरला नीटच्या तयारीला ठेवलेली पोरं शहरात मोजणार का गावात? बापाने जमीन गहाण टाकून फी भरलेली, त्यामुळं फोनवर 'बरं चाललंय' याच्यापुढं तोंडातून शब्द निघत नाही.

रोखठोक: मग काय, सगळ्यांनाच डॉक्टरकडे न्यायचं?

शाळेतल्या_बाई: डॉक्टर लांबची गोष्ट, आधी १४४१६ लावा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. मी फळ्यावर लिहून ठेवलाय.

बांधावरून: चांगलं केलंत बाई. पण त्या पोरीच्या घरात फोन एकच असणार, आणि तो बापाच्या खिशात.