मदत हवी आहे: इव्हान इलिच वाचला, आता त्याला तपासून पाहणारी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी,

धर्म, राजकारण, शिक्षण आणि वैद्यक या चौघांना एकत्र भिडणारी अभ्यासपूर्ण पुस्तकं मला हवी आहेत. एकेका विषयावर वाचायला बसलं तर आयुष्य पुरणार नाही इतकं लिहिलं गेलंय. पण चारही ठिकाणी मला एकच प्रश्न सारखा दिसतो: माणसाने काय मानावं, काय शिकावं आणि स्वतःच्या शरीराचं काय करावं हे दुसऱ्या कुणी ठरवायचं, तर कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो इव्हान इलिचने. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १९२६, व्हिएन्ना. १९५१ मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाला, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब लोकांत काम केलं, पुढे मेक्सिकोत क्वेर्नावाका इथे स्वतःचं अभ्यासकेंद्र काढलं. रोमशी खटके उडत गेले आणि १९६९ मध्ये त्याने धर्मगुरूचं काम सोडलं. मग १९७१ मध्ये ‘डीस्कूलिंग सोसायटी’ आणि १९७५ मध्ये ‘मेडिकल नेमेसिस’. चर्च आतून पाहिलेला माणूस शाळेकडे आणि इस्पितळाकडे वळला आणि त्याला तिथेही चर्चच दिसलं. राज्यसंस्थेने धर्मापासून फारकत घेतली तशी शाळेपासूनही घ्यावी, असं तो चक्क लिहितो. अमुक इतकी वर्षं वर्गात काढल्याशिवाय माणूस शिकलेला नाही, ही त्याच्या मते निव्वळ श्रद्धा आहे.

वैद्यकाच्या पुस्तकात तो उपचारातूनच होणाऱ्या इजेचे थर दाखवतो. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने थेट होणारी इजा तर आपल्याला माहीत असते. त्याच्या खाली समाजाचं डॉक्टरवर विसंबणं येतं. आणि सगळ्यात तळाशी, मला अजून अस्वस्थ करणारा थर आहे: दुखणं, म्हातारपण आणि मरण यांना सामोरं जायची जी ताकद प्रत्येक संस्कृतीने आपापल्या परीने कमावलेली असते, तीच आपण हरवून बसतो. वेदनेवरचं प्रकरण मी कितीदा उघडलं असेल सांगता येत नाही. हा माणूस मनापासून लिहितो आणि भरपूर वाचून लिहितो. तळटीपांनी पानं भरलेली आहेत.

आता अडचण सांगते. आमच्या वाचनगटात यावर चर्चा झाली तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य क्षयाच्या मृत्यूंचा आलेख घेऊन आले. टॉमस मॅककिओन या ब्रिटिश वैद्यक-अभ्यासकाने प्रसिद्ध केलेला तो आलेख. इंग्लंड-वेल्समधल्या क्षयाच्या मृत्युदराची रेघ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उतरत येते. १८८२ ला रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू शोधला तिथे एक खूण आहे, आणि रेघ तोवर बरीच उतरलेली आहे. औषधाची खूण, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची, १९४७ च्या आसपास येते, तेव्हा ती जवळपास तळाला टेकलेली दिसते. मॅककिओनचं म्हणणं असं की ही घसरण मुख्यतः चांगल्या अन्नामुळे, राहणीमान सुधारल्यामुळे झाली. इलिचचा युक्तिवादही अशाच संशोधनावर उभा आहे.

इथवर मला काही म्हणायचं नाही. पण त्या सदस्यांनी पुढे निष्कर्ष काढला: “क्षय औषधाने गेलाच नाही. मग गोळ्या आणि लसी कशाला?” गटातल्या एका ताईंच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे, सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स चालू आहे. त्या समोरच बसल्या होत्या. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, “हे खरं असेल का गं?” मला आतून ठाऊक होतं की निष्कर्ष चुकीचा आहे. पण आलेखातली कोणती पायरी निसटते आहे, हे बोट ठेवून दाखवता आलं नाही.

म्हणून जाणकारांना विनंती. मॅककिओनचं म्हणणं पुन्हा कोणी तपासलं आहे का? शाळेबद्दलच्या इलिचच्या मांडणीला डाव्या बाजूने कोणी उत्तर दिलंय असं ऐकलं, ते कोण? आणि धार्मिक कारणाने किंवा विवेकाला पटत नाही म्हणून वैद्यकीय सक्तीला नकार देणाऱ्या लोकांवर असं एखादं पुस्तक आहे का, की जे त्यांना मूर्ख ठरवत नाही आणि वीरही करत नाही? इंग्रजी चालेल, जाडजूड चालेल. प्रचारकी पुस्तकं मात्र नकोत, कुठल्याच बाजूची.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

चांगला धागा. क्षयाच्या आलेखाबद्दल लिहितो, कारण हा आलेख मी अनेक वादांत अर्धवट वापरलेला पाहिला आहे.

मॅककिओनचं पुस्तक १९७६ चं, ‘द रोल ऑफ मेडिसिन: ड्रीम, मिराज ऑर नेमेसिस’. त्याची सगळ्यात कसून तपासणी सायमन श्रेटर या इतिहासकाराने केली. १९८८ मध्ये ‘सोशल हिस्टरी ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात त्याचा लेख आला, आणि पुढे २००५ च्या ‘हेल्थ अँड वेल्थ’ या त्याच्या संग्रहातही तो आहे. श्रेटर मॅककिओनचीच आकडेवारी घेतो आणि दाखवतो की क्षयाचे मृत्यू कमी होत होते त्याच काळात ब्राँकायटिस, न्यूमोनिया या गटातले मृत्यू वाढत होते. नुसत्या चांगल्या खाण्याने छातीचे रोग हटत होते म्हणावं, तर हे कोडं सुटत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं जायचं, हाही प्रश्न येतोच. श्रेटरचा भर आहे स्वच्छ पाणी, गटारं, घरं आणि दूध यांवर नगरपालिकांनी केलेल्या कामावर. ही कामं आपोआप झाली नाहीत. त्यासाठी स्थानिक राजकारणात वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि भांडणाऱ्यांत आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेले डॉक्टर होते. म्हणजे वैद्यकाचा वाटा मोजताना फक्त गोळी मोजली तर हिशेब चुकतो.

एक गोष्ट त्या सदस्यांना जरूर दाखवा. देवीच्या लसीने देवीचे मृत्यू कमी झाले हे मॅककिओनने स्वतः मान्य केलं आहे. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर क्षयाची घसरण वेगवान झाली, हेही. म्हणजे “लसी कशाला” हे वाक्य त्याच्या तोंडी घालताच येत नाही.

आणि आता तुमची निसटलेली पायरी. तो आलेख सांगतो की दहा लाख लोकांमागे क्षयाने किती मेले. लागणच कमी लोकांना झाली तर ही रेघ उतरते. एकदा क्षय झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे ती रेघ सांगतच नाही. औषधं येण्याआधी थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के १० वर्षांत दगावत असत. आज औषधाला दाद देणारा क्षय असेल आणि कोर्स पूर्ण केला, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. चांगल्या अन्नाने आणि मोकळ्या हवेने पुढच्या माणसाला क्षय होण्याची शक्यता कमी होते, घरात ज्याला झालाय त्याला औषधच लागतं. त्या ताईंना एवढं आजच सांगा, पुस्तकं नंतर. कोर्स मध्येच सोडला तर रोग उलटतो आणि औषधांना जुमानेनासा होण्याचा धोका असतो.

इलिचला मात्र यामुळे बाद करू नका. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे माजी संपादक रिचर्ड स्मिथ यांनी लिहिलंय की विद्यार्थी असताना एडिंबरात इलिचचं भाषण ऐकलं त्याच दिवशी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडलं, आणि तीन दिवसांत परत गेले. अनावश्यक उपचारांची चर्चा आज डॉक्टरच करतात, त्यात इलिचचा वाटा आहे.

प्रतिसाद २

शिक्षणाच्या बाजूने: तुम्ही ऐकलंत ते हर्बर्ट गिंटिस या अमेरिकी अर्थतज्ज्ञाबद्दल असावं. १९७२ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त त्याने इलिचवर सविस्तर टीका केली. मुद्दा असा की शाळा माणसांना आज्ञाधारक करते हे खरं, पण ती तसं करते कारण कारखान्याला आणि कचेरीला तशी माणसं लागतात. कामाची जागा तशीच ठेवून फक्त शाळा काढून टाकली तर काय साधणार? हेच पुढे सॅम्युअल बोल्स आणि गिंटिस यांनी १९७६ च्या ‘स्कूलिंग इन कॅपिटलिस्ट अमेरिका’त विस्ताराने मांडलं. माझं मत: इलिचचं निदान वाचनीय, पर्याय कच्चा. गरिबाघरच्या मुलीला शाळा नसेल तर तिच्या वाट्याला कोणतं शिकणं येईल, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

प्रतिसाद ३

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी नाद्या डर्बाकचं ‘बॉडिली मॅटर्स’, २००५. इंग्लंडमधल्या लसविरोधी चळवळीचा १८५३ ते १९०७ हा काळ. तुम्ही “मूर्खही नको, वीरही नको” म्हणता तो तोल या बाईंना साधला आहे.

१८५३ च्या कायद्याने तान्ह्या बाळांना देवीची लस सक्तीची झाली, १८६७ च्या कायद्याने सक्ती आणखी कडक झाली. लस कशी देत ते वाचलं की विरोध समजायला लागतो. दंडावर नस्तराने चिरा पाडायच्या. आठवड्याने बाळाला परत आणायचं, कारण फोडांतला द्रव काढून तो पुढच्या बाळांच्या दंडात घालायचा असे. या पद्धतीत एका मुलाचा रोग दुसऱ्याला लागू शकत होता, ही आयांची भीती निराधार नव्हती. त्यात लसीकरणाचा कारभार गरीब-कायद्याच्या (‘पुअर लॉ’, निराधारांना सरकारी मदत देणाऱ्या) यंत्रणेकडे, म्हणजे कष्टकरी कुटुंबांना जिची लाज वाटायची त्याच दारात. पैसेवाले दंड भरून मोकळे व्हायचे, गरिबाघरचं सामान जप्त व्हायचं. १८८५ मध्ये लेस्टरला प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये विवेकाच्या कारणाने सूट देणारं कलम आलं, आणि त्याच सुमारास एका बाळाच्या दंडातून दुसऱ्याला लस टोचण्याची पद्धतही बंद झाली. हे सगळं वाचूनही लस देवीवर काम करत होती, हे सत्य जागचं हलत नाही. १९८० मध्ये जगातून देवी हद्दपार झाल्याची घोषणा झाली ती लसीमुळेच. सक्ती कशी राबवली यावरचा राग आणि लसीच्या परिणामावरची शंका यांची गल्लत करू नये, हे मी या पुस्तकातून शिकलो.

अमेरिकेचे दोन निवाडेही पाहा, चारही विषय त्यांत एकत्र येतात. १९०५ चा जेकबसन खटला: देवीची लस घ्यायला नकार देणारा स्वतः एक पाद्री होता, दंड पाच डॉलर, आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला. १९२२ चा झुख्ट खटला: लस न घेतलेल्या मुलीला शाळेत प्रवेश नाकारला, तोही न्यायालयाने मान्य केला.

पुस्तक पारखायचं कसं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आपल्या म्हणण्याला सगळ्यात अडचणीचा ठरणारा पुरावा लेखक कुठे ठेवतो ते पाहा. चांगला अभ्यासक तो भर मजकुरात घेतो आणि त्याच्याशी झुंजतो. प्रचारक तो वगळतो, किंवा तळटीपेत पुरतो. आणि त्या विषयाच्या नियतकालिकांतली दोन परीक्षणं वाचा, एक बाजूचं आणि एक विरोधातलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंशी आत्ताच फोनवर बोलले, लागण आणि उपचार यांतला फरक सांगितला. त्या म्हणाल्या, औषध एक दिवसही चुकवलेलं नाही. पुढच्या बैठकीत श्रेटरचा लेख आणि तो आलेख शेजारी शेजारी ठेवून वाचू, आणि ज्येष्ठ सदस्यांनाच सुरुवात करायला सांगणार आहे. त्यांचं वाचन दांडगं आहे, ते प्रामाणिकपणे वाचतील याची खात्री आहे.

धर्माची बाजू अजून उघडीच आहे. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलरचं ‘अ सेक्युलर एज’ घ्यावं की मानववंशशास्त्रज्ञ तलाल असदचं ‘फॉर्मेशन्स ऑफ द सेक्युलर’?

प्रतिसाद १

टेलर (२००७) जवळपास नऊशे पानांचा आहे, गटाला दमवेल. असद (२००३) घ्या, आणि सगळं नको, दुसरं प्रकरण आधी. ते वेदनेवर आहे: वेदना सोसणं म्हणजे फक्त हतबल होणं का, की धार्मिक परंपरांत ती माणसाची कृतीही असू शकते? इलिचचं तुम्ही सारखं उघडता ते प्रकरण आणि हे, दोन्ही एकाच बैठकीत ठेवा.