अंतरापेक्षा पाऊस आणि दूध बघा

‘अणुचाचणीच्या जागेपासून जितकं लांब, तितका धोका कमी’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. 25 एप्रिल 1953 ला अमेरिकेतल्या नेवाडात ‘सायमन’ ही अणुचाचणी झाली. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय-ऑल्बनी भागात वादळी पावसाबरोबर किरणोत्सारी धूळ खाली आली.

थायरॉइडला (गळ्यातल्या ग्रंथीला) बसलेला किरणोत्साराचा बहुतेक डोस दुधातून आला. गाय मोठ्या क्षेत्रातलं गवत खाते, त्यावरचं आयोडीन-131 (या धुळीतलं किरणोत्सारी आयोडीन, जे थायरॉइडमध्ये साठतं) दोन-चार दिवसांत दुधात उतरतं. शेळीच्या दुधात आणखी जास्त. लहान मुलांची ग्रंथी छोटी आणि दूध पिणं जास्त, त्यामुळे त्यांचा डोस मोठ्यांच्या कित्येक पट. हे टाळता आलं असतं, याचाच संताप येतो. आयोडीन-131 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 8 दिवसांचं; दुधाची भुकटी करून 80 दिवस ठेवली तर हजारातला जेमतेम एक भाग उरतो. गाईंना आधी साठवलेला, झाकलेला चारा दिला तरी बराच फरक पडला असता.

धुळीतल्याच सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 या किरणोत्सारी पदार्थांना मात्र ही साठवून ठेवण्याची युक्ती चालत नाही, त्यांचं अर्धायुष्य 30 वर्षांच्या आसपास. थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवणाऱ्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्याही त्यांच्यावर काही करत नाहीत.